बोंबल्याला विचारायचा प्रश्न

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार, मिठी आणि पाठीत एक धपाटा, सगळं या कागदातूनच पोचलं असं समज. तुझं पत्र मिळालं. माझी तब्येत छान, भूक उत्तम. लॅबमध्ये कवळ्यांची नुसती रांग लागलीये. सगळ्या गावाला एकदमच दात पाडून घ्यायची हुक्की आली की काय, कोण जाणे. दिवसभर मेण, साचे आणि पॉलिशचं चाक. परवा एका आजोबांची कवळी इतकी झकास जमली, की बाकावर ठेवली तरी हसत होती. दुसऱ्यांची तोंडं भरण्यात माझा दिवस बरा जातो.

आणि तू येतेयस! शनिवारच्या कार्यक्रमाचं तिकीट काढलंस, तेही माझ्या शेजारच्या खुर्चीचं, हे वाचून मी लॅबमध्येच एक गिरकी घेतली. आपला लाडका गायक बोंबल्या आमच्या गावात येतोय यावर माझा अजून विश्वास बसत नाही. नाव ठेवलं अण्णांनी आणि लाडाने वापरलं आपण! आपण टेप लावली की आतून आवाज यायचा ना, "त्या बोंबल्याला काय दुखतंय ते एकदा डॉक्टरला दाखवा गं." आज असते तर म्हणाले असते, "बघा, शेवटी माणसासारखा बोलायला लागला." कारण या खेपेला तो गाणार नाहीच. वाचनालयाच्या सभागृहात खुर्चीवर बसून नुसता बोलणार आहे, आणि मग लोकांचे प्रश्न.

त्यामुळे आमच्या चौकडीची मोठी पंचाईत झालीये. चौकडी म्हणजे बेकरीवाली, चष्म्याच्या दुकानवाला, भूगोलाचे रिटायर झालेले मास्तर आणि मी. आम्ही सगळे बोंबल्याला उभं राहून, घसा फोडून ऐकलेले लोक. खुर्चीवर गप्प बसून त्याला कसं ऐकायचं, हे आमच्यापैकी कुणालाच येत नाही. म्हणून मास्तरांनी चक्क तालीम ठेवली. दुपारी बेकरीत गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मैद्याच्या पोत्यांशेजारी खुर्च्या मांडायच्या, मास्तरांनी बोंबल्या होऊन बोलायचं आणि बाकीच्यांनी हूं की चूं करायचं नाही. पहिल्या दिवशी मास्तर वाऱ्यांच्या दिशांवर बोलले. चष्मेवाल्याने सवयीने मांडीवर ड्रम सुरू केला, आणि गंमत म्हणजे त्याला ते कळलंही नाही. बेकरीवालीने भलत्याच जागी टाळी वाजवली आणि मग हसू आवरेना म्हणून भट्टीमागे जाऊन बसली. मास्तर भयंकर चिडले. आता आम्ही बऱ्यापैकी सुधारलोय.

वाचनालयाच्या बाईंनी जुने चाहते म्हणून आम्हाला एक प्रश्न दिलाय. एकच, आणि एकानेच विचारायचा. त्यावरून जे रामायण झालं ते तू बघायला हवं होतंस. मास्तरांचा प्रश्न एवढा लांबलचक, की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायला व्हायची. चष्मेवाल्याला ड्रमच्या काठ्या कुठल्या लाकडाच्या ते विचारायचं होतं. "त्यासाठी त्या माणसाला एवढ्या लांबून बोलावलंय होय रे?" असं बेकरीवाली फाडकन म्हणाली. तिचा स्वतःचा प्रश्न मात्र कुणाला कळलाच नाही, कारण तोंड उघडलं की तिला रडू यायचं. शेवटी माझा ठरला. प्रश्न असा: "एवढा आरडाओरडा करून घरी गेल्यावर तुमचा आवाज कसा असतो? घरच्यांना तो ओळखू येतो का?"

हा मला का सुचला, ते तू विचारशीलच. सांगते. आधी गॅसवरचं दूध बघून येते.

हं. उतू गेलंच थोडं.

तर प्रश्न माझा असला तरी तो दुसऱ्या कुणीतरी विचारावा असं माझं म्हणणं होतं. मास्तरांनी विचारून पाहिला, तर परीक्षेचा पेपर वाटला. चष्मेवाल्याने विचारला, तर पोलीस चौकशीला आल्यासारखं वाटलं. बेकरीवालीचं तर विचारूच नकोस. मग चष्मेवाल्याने ओट्यावरचं लाटणं उचललं, माइक म्हणून माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाला, "आता तूच बोल बाई."

ताई, तू दर पत्रात विचारतेस की मी फोन का उचलत नाही. मी लिहिते, चाकाच्या आवाजात ऐकू येत नाही. चाक रविवारी बंद असतं, हे न कळण्याइतकी तू भोळी नाहीस. उन्हाळ्यात माझ्या मानेतली गाठ काढली, ती साधीच निघाली, मी ठणठणीत आहे, हे जे लिहिलं ते सगळं खरं. फक्त त्यात आवाजाची नस दुखावली, एवढं लिहिलं नाही. आवाज गेला नाही, पण जो परत आलाय तो मला माझा वाटत नाही. खरखरीत आहे, आणि निम्मी हवाच बाहेर पडते. ओरडणं तर संपलंच. डॉक्टर म्हणतात, आता बहुधा असाच राहील. तुझ्या सासूबाई तेव्हा अंथरुणावर होत्या, तू सगळं टाकून धावत आली असतीस, म्हणून सांगितलं नाही, असं मी बरेच दिवस मनाला समजावलं.

खरं कारण निराळं आहे. हा आवाज तू ओळखणारच नाहीस, याची मला भीती होती. मागच्या महिन्यात शेवटी धीर करून मी लॅबच्या फोनवरून तुला फोन केला होता. "ताई" म्हटलं. त्यावर तू म्हणालीस, "कोण बोलतंय? कोण हवंय आपल्याला?" किती अदबीने बोललीस गं! मी फोन ठेवून दिला. तुझी काहीच चूक नाही, नवा आवाज तू ओळखणार कसा? पण मला फार लागलं. एका टेपवर दोघींनी गळे ताणले, आणि त्याच ताईने मला "आपल्याला" म्हणावं! त्या दिवशी मी एका कवळीचे दात चुकीचे बसवले, आणि संध्याकाळी घरी येऊन पोटभर रडले. तेव्हापासून तर फोन वाजला की हात पुढे जातच नाही.

तर लाटणं हातात धरून मी बोलले. एका दमात नाही जमलं, मध्ये थांबावं लागलं, पण प्रश्न पुरा केला. समोर तिघं बसली होती. कुणी मान खाली घातली नाही, कुणी उगाच कौतुकही केलं नाही. मास्तर म्हणाले, "थोडं सावकाश. आणि माइक तोंडाजवळ धरा." चष्मेवाला म्हणाला, "आयला, हा तर थेट बोंबल्याचाच आवाज! तो बिचारा दचकेल." मी इतकी हसले की खोकला लागला. या आवाजाची लाज न वाटता हसू आलं, ते पहिल्यांदाच. मला खरंच बरं वाटतंय, ताई. शनिवारी प्रश्न मीच विचारणार आहे.

पण भरल्या सभागृहात, माइकवरून, परक्या लोकांबरोबर तू हा आवाज पहिल्यांदा ऐकावास हे मला नको होतं. म्हणून आज लिहायला बसले. चिडायचं असेल तर चीड, हक्क आहे तुझा. रडायचं असेल तर मात्र घरीच उरकून ये. इथे रडलीस तर बेकरीवालीला साथ मिळेल आणि दोघींना आवरणं आमच्या आवाक्याबाहेरचं आहे. आणि पत्र वाचल्या वाचल्या फोन करू नकोस. पहिलं बोलणं मला तुझ्या तोंडाकडे बघत करायचंय.

शनिवारी सकाळच्या बसने ये. उतरलीस की बॅग घेऊन तिथेच उभी राहा, मला शोधत फिरू नकोस. गर्दीच्या पलीकडून हाक मारणं आता मला जमणार नाही. मी अगदी जवळ येईन, आणि मग मारीन.

तुझी, तीच,
धाकटी