आठ दिवसांत खोली रिकामी

४ जानेवारी, सकाळी ६.३०
आजपासून रोजनिशी. कारण, नियोजन. रिटायर होऊन चार महिने झाले. नुसता पेपर वाचत बसलं की माणसाचं काय होतं ते समोरच्या अप्पासाहेबांकडे बघून कळतं.

प्रोजेक्ट: सीएनसी मशीन. कॉम्प्युटरवर अक्षरं काढायची, मशीन ती लाकडात आपोआप कोरते. सांगाडा, मोटरी, कटर, सगळं आलंय. राहिला फक्त कंट्रोलर, म्हणजे मशीनचं डोकं. तो बाजारात तयार मिळतो, पण तयार तर कुणीही आणेल. मी स्वतः बनवणार. सर्किट माझं, प्रोग्रामही माझा. चौतीस वर्षं विजेच्या खात्यात काय झक मारली?

जागा: मधूची खोली. लग्न होऊन बडोद्याला गेली त्याला तीन वर्षं झाली. टेबल भिंतीला बोल्ट मारून पक्कं केलं.

टार्गेट: २६ जानेवारी. पहिला जॉब, मधू आणि जावईबापूंच्या फ्लॅटसाठी सागवानी नेमप्लेट. मधुवंती–विक्रांत.

९ जानेवारी
मोटर फिरली! उलटी फिरली, पण फिरली. सुलोचनाला हाक मारली. तिने दारातूनच बघितलं आणि भाजीला कढीपत्ता नाहीये म्हणाली. चौतीस वर्षांच्या संसारात हिने एकदाही कशाला वा म्हटलेलं नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
मधूचा फोन. बाबा, माझी खोली रिकामी आहे का, असं विचारलं. मी प्रोजेक्ट पहिल्यापासून समजावून सांगितला. वीस मिनिटं अगदी शांतपणे ऐकलं पोरीने, मधे एक शब्द नाही. आजकालच्या मुलांना एवढा पेशन्स कुठे असतो?

नंतर सुलोचना म्हणाली की मधू रडत होती. मी म्हटलं, लाइनमधे खरखर होती.

२१ जानेवारी
छोटीशी अडचण. कटर सुरू केला की मशीन जागच्या जागी थांबते. कटर बंद केला तर मस्त चालते. म्हणजे लाकडाला हात लावायचा नसेल तर मशीन शंभर टक्के तयार आहे.

बडा गणपतीजवळ राहणारा ज्ञानदीप येऊन बघून गेला. पीथमपूरच्या कारखान्यात मेंटेनन्समधे आहे, हुशार आहे, पण घाई फार. कटरचा करंट तुमच्या स्विचच्या वायरींत घुसतोय सरजी, म्हणाला. शिवाय, माझ्याकडे एक रेडीमेड कंट्रोलर पडलाय, उद्या आणतो, शाम तक चालू. मी हात जोडले. म्हटलं, भिया, मग यात माझं काय राहिलं? तो हसला. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

२६ जानेवारी
टार्गेटची तारीख थोडी पुढे. आज कटरऐवजी पेन लावून कागदावर वर्तुळ काढून बघितलं. अंडं आलं. लांबून बघितलं तर वर्तुळच. सुलोचनाला लांबून बघायला लावलं. ती म्हणाली, अंडं.

२ फेब्रुवारी, दुपारी
सुलोचनाने आज समोर बसवून सांगितलं. मधू १५ तारखेला येतेय, कायमची. विक्रांतने तिला दाराबाहेर काढून कडी लावली. दोन तास. जिन्यात बसून होती. हे दुसऱ्यांदा झालं.

मला वाईट वाटलं. फार वाटलं. पण आपणही डोकं शांत ठेवायला पाहिजे. नवराबायकोत काय होत नाही? घरावर दोघांच्या नावाची पाटी लागली की माणसाला आपोआप जबाबदारी कळते. मी हे सुलोचनाला बोललो तर ती उठून गेली.

संकल्प: १५च्या आत पाटी पूर्ण, खोली रिकामी. तेरा दिवस. भरपूर झाले.

८ फेब्रुवारी
जेल रोडच्या बाजारातून जाळीवाली केबल आणली, बाहेरचा करंट आत घुसू नये म्हणून. सगळं वायरिंग उपटून नव्याने केलं. आता कटर चालू असताना मशीन थांबत नाही. सुरूच होत नाही. कारण शोधतोय. काम नव्वद टक्के.

१३ फेब्रुवारी
सुलोचना विचारते, मशीन हॉलमधे का नाही हलवत. या बाईला कसं समजावू? टेबलाचे बोल्ट काढले की काटकोन गेला. तो जुळवायला मला अकरा दिवस लागले होते. मी म्हटलं, आठ दिवस दे. तिने विचारलं, कुठल्या तारखेपासून मोजू?

१५ फेब्रुवारी, सकाळी ९
मधू आली. दोन बॅगा. वाळलीय. खोलीच्या दारात उभी राहिली. मीच म्हटलं, आत ये, बघ, फक्त टेबलाला धक्का लावू नको आणि चप्पल बाहेर काढ, खाली वायरी आहेत. ती आत आलीच नाही. छान आहे बाबा, म्हणाली आणि बॅगा हॉलमधे ठेवल्या.

गादी हॉलमधे टाकलीय. खिडकी आहे, पंखा आहे. दोन-चार दिवसांचाच प्रश्न आहे.

१९ फेब्रुवारी
अप्पासाहेब रोज पेपर मागायला येतात ते थेट हॉलमधे. मधू गादीवर. रोज विचारतात, जावई कधी येणार न्यायला? ती उठून स्वयंपाकघरात जाते. ऑफिसचे कॉलही तिथेच घेते. मिक्सर लागला की तिला मोरीत जावं लागतं.

आज म्हणाली, बाबा, मला दार लावता येईल अशी एक खोली हवी. आतून कडी लावता येईल अशी.

मी म्हटलं, आठ दिवस. नक्की. अगदी डोक्यावर हात ठेवून सांगितलं. तिने मान हलवली. समजूतदार आहे, माझ्यावर गेलीय.

२४ फेब्रुवारी
ऐतिहासिक दिवस! सागवानावर पहिल्यांदा कटर उतरला. म झाला, धु झाला. काय अक्षर, काय धार! मग मशीन थांबली. पुन्हा लावली तर कटर धुवरच उतरला आणि धुचा चुरा केला.

मधू मागे येऊन उभी होती, मला कळलंच नाही. स्क्रीनवर पूर्ण पाटी दिसत होती, दोघांची नावं. तिने विचारलं, दुसरं नाव काढून टाकता येईल का? मी खरं ते सांगितलं, की या टप्प्यावर फाइल बदलली तर दोष फाइलमधे आहे की कंट्रोलरमधे, ते कळणार नाही. टेस्टिंगचा नियमच आहे.

ती वळून हॉलमधे गेली. सुलोचना मात्र स्वयंपाकघरातून ओरडली, अहो, माणूस आहात का कोण! हिला टेक्निकल काही सांगायची सोय नाही.

२८ फेब्रुवारी
मधू गेली. इथेच पलासियाला भाड्याने खोली घेतलीय, ऑफिसातल्या प्राचीच्या ओळखीने. सामान बघायला गेलं तर एवढंसं होतं. रिक्षात बसताना म्हणाली, आता आरामात करा बाबा, घाई नको.

बरंच झालं एका परीने. स्वतंत्र राहिली की आत्मविश्वास येतो. काम पंच्याण्णव टक्के.

४ मार्च
सुलोचना रोज डबा घेऊन पलासियाला जाते. सकाळी जाते ती पाचला येते. माझं जेवण झाकून ठेवलेलं असतं. बोलत नाही. भांडत असती तर बरं होतं.

मशीनवर लक्ष लागत नाहीये. ऊन वाढलंय, हे एक कारण असू शकेल.

७ मार्च, सकाळी
अप्पासाहेब आले. पोरगी दिसत नाही, सासरी गेली का, विचारलं. मी हो म्हटलं. का म्हटलं ते माहीत नाही. आपल्याच गावात, आपल्या घरापासून वीस मिनिटांवर पोर परक्याच्या खोलीत राहते, हे मला तोंडातून काढता आलं नाही.

ते गेल्यावर मधूच्या गादीवर बसलो. तिथून दार दिसतं, स्वयंपाकघर दिसतं, बाथरूमचं दारही दिसतं. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस आपल्याकडे बघतो. अर्ध्या तासात मला उठावंसं वाटलं. ती तेरा दिवस तिथे बसली होती.

पाना घेतला आणि बोल्ट काढले. काटकोन गेला. जाऊ दे.

८ मार्च
ज्ञानदीप टेम्पो घेऊन आला, सांगाडा आणि मोटरी घेऊन गेला. खोली धुतली. लाकडाचा बुरादा निघता निघेना. कचरागाडीवाला पोत्याकडे बघून, गीला या सूखा, हेच विचारत राहिला. सुलोचनाने न सांगता पडदे धुतले. भिंतीतली बोल्टची भोकं मी पुट्टीने भरली. आतली कडी जाम होती, तिला तेल दिलं. चार वेळा लावून बघितली.

आठ दिवस म्हणत होतो, एका दिवसात झालं. उद्या स्वतः जाऊन घेऊन येतो तिला.

९ मार्च, संध्याकाळी ५
पलासियाला गेलो. दुसरा मजला, गॅलरीच्या टोकाची खोली. आत एक माणूस चालेल एवढीच जागा. मधूने बेल ऐकून आतून विचारलं, कोण? मी म्हटलं, बाबा. मग कडी काढली. आत गेल्यावर पुन्हा लावली. मी असतानासुद्धा.

चहा केला तिने. मी सांगितलं, खोली रिकामी केली, पडदे लावले, चल. तिने मशीनचं विचारलं. म्हटलं, काढून टाकली. अरे, एवढी मेहनत केलीत बाबा, म्हणाली. चालत होती ना?

मी तोंड उघडलं नव्वद टक्के म्हणायला. मग म्हटलं, नाही. एकदाही चालली नाही गं.

तिने कप खाली ठेवला. म्हणाली, खोली मला पंधरा तारखेला हवी होती बाबा.

रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर मी काहीतरी समजावलं असतं. तिचा कॉल होता, म्हणून मी निघालो. बाहेर पडल्यावर मागे कडी लागलेली ऐकू आली.

घरी आलो. सुलोचना दारातच उभी होती, माझ्या मागे जिन्याकडे बघत. मी नकारार्थी मान हलवली. ती आत गेली आणि मधूच्या खोलीतला पंखा बंद केला.