मेव्हण्याची ट्रीटमेंट

सोमवार, ३ मार्च
आजपासून रोजनिशी. घरात एवढी मोठी जबाबदारी आली की नोंद हवी.
बायको मुलीला घेऊन तिच्या बहिणीकडे गेली, त्याला अकरा दिवस झाले. काल फोन आला. म्हणाली, दादाबरोबर व्यसनमुक्तीच्या ओपीडीत जा. आठ आठवडे नीट पार पडले तर परत यायचं बघते. दादा म्हणजे तिचा भाऊ, माझा मेव्हणा. हा पितो? कधी वाससुद्धा आला नाही. असे छुपे लोकच जास्त धोक्याचे.
भावाच्या काळजीपोटी स्वतःचं घर सोडायचं, हे जरा अतीच. पण मी हो म्हटलं. मेव्हण्याने माझे दोन्ही हात धरले, रडायचाच बाकी होता. मी त्याला धीर दिला.

मंगळवार, ४ मार्च
मेव्हणा आता रोज घरी येणार. त्याला मोह नको म्हणून कपाटातली बाटली रिकामी केली. बेसिनमध्ये ओतणं जिवावर आलं, म्हणून दुसऱ्या मार्गाने केली.

बुधवार, ५ मार्च
ओपीडी. डॉक्टर बाई तरुण पण हुशार. तीन रस्ते सांगितले. भरती व्हायचं, नाहीतर रोज सकाळी येऊन दिवसभर थांबायचं आणि झोपायला घरी, नाहीतर आठवड्यातून तीन दिवस गोळ्या, समुपदेशन आणि ग्रुप. कोणता झेपेल, असं माझ्याकडे बघून विचारलं. मेव्हण्याच्या वतीने मी तिसरा सांगितला. त्याची बँकेतली नोकरी आहे, विचार करायला हवा.
मग बीपी घेतलं. माझं! रक्तही माझंच. सोबत येणाऱ्याची इतकी काळजी मी कुठे पाहिली नाही. रोज किती, किती वर्षं, सकाळी उठल्यावर लागते का, हेही मलाच विचारलं. मेव्हण्याचं मला काय ठाऊक? माझ्या अनुभवावरून अंदाजे सांगितलं. बाईंनी भराभर लिहून घेतलं. शेवटी चार कागदांवर सह्या केल्या. चष्मा दुकानात राहिला होता.

शुक्रवार, ७ मार्च
गोळ्या सुरू. मेव्हणा सकाळ-संध्याकाळ येतो, गोळी माझ्या हातावर ठेवतो, गिळेपर्यंत समोर उभा राहतो. त्याला एकट्याने घ्यायला संकोच वाटत असणार. गोळ्या चालू असताना थेंबही घ्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. त्याला साथ म्हणून मीही बंद केली. दोन दिवस घाम, झोप नाही, चिडचिड. दुसऱ्याचं दुःख मी नको तितकं मनाला लावून घेतो.

शुक्रवार, १४ मार्च
पहिला ग्रुप. दहा खुर्च्या गोलात, मध्ये टेबल नाही. समुपदेशक ताईंनी एकेकाला बोलायला सांगितलं. निवृत्त हेडमास्तर तासिका घेतल्यासारखे बोलले. मग ट्रकड्रायव्हर. मेव्हणा एक शब्द बोलला नाही. माझी पाळी आली तेव्हा स्पष्ट केलं की मी फक्त सोबत आलोय. कोणी हसलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, तोही पहिले दोन महिने सोबतच येत होता. कोणाच्या, ते विचारायचं राहून गेलं.

मंगळवार, १८ मार्च
दुकानात आज तसबिरींच्या सहा फ्रेम केल्या. चारही कोपरे असे जुळले की नख शिरणार नाही. काच एका रेघेत कापली गेली. गेलं वर्षभर काच खराबच येत होती, रेघ वाकडी जायची. होलसेलवाल्याने बहुतेक कंपनी बदलली.
भूक लागते. सकाळी लवकर जाग येते. मेव्हण्याची तब्येत सुधारत असणार, वातावरणावर परिणाम होतोच.

शनिवार, २२ मार्च
आनंदाची बातमी! पुढच्या रविवारी मुलगी दुकानात येणार. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिचं चित्र निवडलंय, फ्रेम बाबांकडूनच हवी म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं, लिहायला लाज कसली.
सर्वांत पातळ पट्टी, चित्राभोवती पांढऱ्या पुठ्ठ्याचा माउंट, तीन सेंटीमीटर सोडून. आठवड्याभरात एक चूक करायची नाही.

शुक्रवार, २८ मार्च
ताईंनी ग्रुपला सांगितलं, कुठल्या जागा टाळायच्या त्याची यादी करा. मेव्हण्याने वही उघडली नाही. शेवटी मीच केली. एकवीस जागा. स्टेशनमागच्या बारच्या बाकाचा रंगसुद्धा लिहिला. ताईंनी वाचून फक्त मान हलवली. प्रभावित झाल्या असाव्यात.

शनिवार, २९ मार्च, संध्याकाळ
यादी अचूक आहे का बघायला एका जागी जाऊन आलो. आहे.

रविवार, ३० मार्च
सकाळी हात जड वाटत होता. हात स्थिर राहावा एवढ्यापुरतीच घेतली.
मुलगी मावशीबरोबर आली. वेणी घातलेली, चित्र दोन पुठ्ठ्यांमध्ये. आमच्याच दुकानाचं चित्र. काउंटरमागे मी, आणि चक्क हसतोय. माउंट आखताना कटर घसरला. चित्रावर आडवी चीर गेली, माझ्या तोंडावरूनच. मी म्हटलं, पातं बोथट आहे. मग म्हटलं, कागद हलका आहे.  तिला वास आला असावा, कारण ती एक पाऊल मागे सरकली. मग मावशीला हळूच म्हणाली, मामाला सांगू, तो बाजारातून तयार फ्रेम आणेल.
माझी मुलगी, फ्रेमवाल्याची मुलगी, तयार फ्रेम आणणार. शटर ओढून आत बसलो. पातं तपासलं. नवंच होतं.

बुधवार, २ एप्रिल
ग्रुपला गेलो नाही. मेव्हणा दारात तासभर उभा होता. मी ओरडून सांगितलं, तुझ्यासाठी मी किती करायचं? तुझ्यामुळे माझी बायको गेली. तुझ्यामुळे पोरीचं चित्र फाटलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. माझा आवाज बसल्यावर म्हणाला, चहा टाकतो. चहात साखर घालायला विसरला. तोही थकलाय.

शनिवार, ५ एप्रिल
मेव्हण्याची रजा संपली. सोमवारपासून बँक. म्हणाला, आता तुम्हाला एकट्याने जावं लागेल. मी विचारलं, पेशंट नसताना सोबतीने जाऊन काय करायचं?  त्याने पिशवीतून फाइल काढून माझ्यासमोर ठेवली आणि चप्पल घालून गेला.
फाइल उघडलेली नाही. चष्मा डोळ्यांवरच आहे.

रविवार, ६ एप्रिल
फाइल टेबलावर. त्याच टेबलावर जेवायचं टाळलं.

सोमवार, ७ एप्रिल
एकटा गेलो. बसमध्ये तीनदा उतरायचं ठरवलं. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, पेशंट कोण?
मागे सहा माणसं रांगेत. मी म्हटलं, मी.
वाटलं होतं, बाईंचं पेन थांबेल. निदान मान तरी वर करतील. म्हणाल्या, पाच नंबर, बसून घ्या. पाच आठवडे प्राणपणाने जपलेली गोष्ट, आणि त्यांनी कागदावर शिक्का मारून पुढच्या माणसाला बोलावलं.
ग्रुपमध्येही सांगितलं. हेडमास्तर म्हणाले, बरं. ड्रायव्हरने खुर्ची सरकवून जागा केली. ताईंनी मधे न येण्याचं कारण विचारलं. रविवारचं सगळं सांगितलं, पात्यासकट. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा लिहून दिल्या आणि आठ आठवडे आजपासून मोजायचे म्हणाल्या.
दुपारी बायकोला फोन केला. एका दमात सांगून टाकलं की पेशंट मी आहे.
ती म्हणाली, माहीत आहे. मग विचारलं, जेवलात का?
कधी येणार, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.