अर्ध्या इंजिनाची फियाट

क्लिओपात्रा, अलेक्झांड्रिया
१२ नोव्हेंबर १९८९

चि. वदीअ यास ओदेतताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या बहिणीची काळजी तुला कैरोत बसून लागते, हे वाचून बरं वाटलं. पण दर पत्रात ‘आता शुब्राला ये’ हेच लिहायचं असेल तर एकदाच छापून घे, शाई तरी वाचेल.

माझ्या फियाट अकराशेचं इंजिन अखेर कायमचं बंद पडलं. आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकने, उस्ता फर्गलीने, भंगारबाजारातून दुसरं आणून चढवलं. मी खूश झाले, तिथेच चुकलं. गाडी गॅरेजच्या चढावर येऊन गुदमरते, कार्ब्युरेटरमधून फटाके उडवते आणि समुद्रकाठच्या कोर्निश रस्त्याला पोहोचेपर्यंत तिचं पाणी उकळतं. फर्गली म्हणतो, मदाम, नवी सून आहे, रुळायला वेळ लागेल. मी म्हटलं, मी जन्मभर वर्गात मुली रुळवल्या. त्यातली एकही अशी तोंडावर फटाके उडवत नव्हती.

खरी अडचण पुढे आहे. डिसेंबरअखेर परवान्याचं नूतनीकरण आहे. तपासनीस इंजिनावरच्या आकड्याचा कागदावर ठसा घेणार आणि विचारणार, इंजिन कुठल्या जातीचं, किती सीसीचं? विकणाऱ्याने पावतीवर नुसतं ‘फियाट’ लिहिलंय. म्हणजे जन्मदाखल्यावर ‘माणूस’ लिहावं तसं. उत्तर देता आलं नाही तर नंबरपाट्या काढून घेतील.

घराला लिफ्ट आहे, पण ट्रॅमची उंच पायरी माझे गुडघे चढत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. गाडी गेली की चर्च गेलं, मासळीबाजार गेला, समुद्रही गेला. तेव्हा एकदाच बोलते. आपल्या कॉप्टिक नाताळपर्यंत, म्हणजे सात जानेवारीपर्यंत, परवाना मिळाला नाही, तर मी सामान बांधून तुझ्याकडे येते. मिळाला, तर तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस. रेल्वेच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून मिरवलास ना? मग सांग, हे इंजिन कुणाचं?

तुझा लोभ आहेच. उत्तरही असू दे.
ओदेत

शुब्रा, कैरो
१९ नोव्हेंबर

ती. ताईस वदीअचा सा. न. वि. वि.

तुझी अट मान्य. माझ्या बाजूने ती जरा जास्तच गोड आहे, पण मी लबाडी करणार नाही.

फियाटची ही इंजिनं बाहेरून सख्ख्या बहिणींसारखी दिसतात, फरक पोटात असतो. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढ. त्या भोकातून विणायची लाकडी सुई आतल्या दट्ट्यावर, म्हणजे पिस्टनवर, टेकेपर्यंत सोड. (धातूची नको, ओरखडे पडतील.) फर्गलीला हँडलने इंजिन हळूहळू फिरवायला सांग. सुई खालून वर किती मिलिमीटर येते ते मोजून कळव. आकडा आला की मी जात सांगतो.

नाताळचे उपास आठवड्यावर आले, त्याआधी पोटभर खाऊन घे. गाडीवर ओरडू नकोस, तिला तुझी शाळेतली फ्रेंच येत नाही. इटालियन आहे ती.

तुझ्या रागासकट तुझी माया राहो.
तुझा वदीअ

क्लिओपात्रा
२६ नोव्हेंबर

चि. वदीअ यास आशीर्वाद.

केलं बाबा तुझ्या मनासारखं. मी बॉनेटखाली डोकं घालून, हातात विणायची सुई. समोरच्या तिन्ही बाल्कन्या भरलेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने वरून विचारलं, मदाम, इंजिनाला स्वेटर घालताय का? मी म्हटलं, हो, थंडीने खोकतंय बिचारं. फर्गली हँडल फिरवत मनात प्रार्थना म्हणत होता. त्याच्या मते, इंजिनात सुई घालणं हा अपशकुन आहे.

पंचाहत्तर मिलिमीटर. मी दोनदा मोजलं. लहानपणी शाळेतल्या नन्सनी मला पट्टी धरायला शिकवलंय, कारण ती पट्टी बहुतेक वेळा माझ्याच हातावर पडायची.

आता जात सांग.
ओदेत

शुब्रा
२ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

आधी एक ग्लास पाणी पी, मग वाच.

तुझ्या गाडीचं मूळ अकराशेचं इंजिन आणि त्यानंतर आलेलं बाराशेचं, दोन्हींत दट्ट्या पंचाहत्तरच मिलिमीटर वरखाली होतो. फरक सिलिंडरच्या रुंदीत आहे, आणि रुंदी सुईने मोजता येत नाही. हे मला आधीच आठवायला हवं होतं. चाळीस टनी रेल्वेइंजिनांत आयुष्य गेलं की तुझ्या पर्सएवढ्या इंजिनांचा विसर पडतो.

रागावू नकोस, असं लिहीत नाही. त्याचा उपयोग नसतो.

क्षमा आणि माया, दोन्ही असू दे.
वदीअ

क्लिओपात्रा
८ डिसेंबर

वदीअ,

आशीर्वाद पुढच्या पत्रात मिळतील.

अख्ख्या गल्लीसमोर माझं हसं करून तू मला काय कळवलंस, तर सुईने कळत नाही! मला शंका येते, की ही गाडी मेली तर तुला बरंच वाटेल. डिसेंबर सुरू झाला आणि तू मला विणकाम करायला लावतोस. शुब्राच्या घरात मला नेऊन बसवायची इतकी घाई असेल तर सरळ गाडीखाली काडी लाव. निदान मी शेकत तरी बसेन.

आता मीच काय शोधलं ते ऐक. फर्गलीला समोर स्टुलावर बसवलं आणि वर्गात मुलींना विचारायचे तसं विचारलं. इंजिन आणलंस तेव्हा त्याच्यावर काय काय होतं? तो आधी छताकडे बघायला लागला. मग अगदी अभिमानाने म्हणाला, मदाम, मी अर्धं इंजिन आणलं, सगळे उस्ता तेच आणतात. म्हणजे खालचा ठोकळा, दट्टे आणि डोकं. कार्ब्युरेटर आणि ठिणगी वाटणारी डबी बाजारातली कशाला घ्यायची? तुमच्या जुन्या इंजिनाची होती, ओळखीची, भरवशाची, तीच बसवली. म्हणजे नवऱ्याला मुलगी दुसऱ्याच घरची, आणि दागिने पहिल्या बायकोचे!

आणखी एक. सकाळी गार असताना चोक ओढून निघाले की गाडी रेशमासारखी चालते. चोक आत ढकलला की खोकला सुरू. फर्गली म्हणतो, मग तुम्ही चोक ओढूनच चालवा ना. ह्यांना उस्ता म्हणायचं!

ओदेत

शुब्रा
१२ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

ताई, तू माझ्या कारखान्यात असतीस तर मला बढती मिळालीच नसती.

चोक ओढला की हवा कमी होते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं. तेव्हा ती नीट चालते, म्हणजे बाकीच्या वेळी तिला पेट्रोल पुरत नाही. मोठ्या पोटाच्या इंजिनाला लहान मुलाच्या वाटीने जेवण चाललंय. उपाशी इंजिन फटाके उडवतं, तापतं, चढावर मान टाकतं. तुझी प्रत्येक तक्रार त्यात बसते. माझी खात्री आहे, ते बाराशेचं आहे. पण खात्रीवर दाखला लिहिता येत नाही. फर्गलीला सिलिंडरचं डोकं उतरवायला सांग आणि भोकाची रुंदी मोज. अडुसष्ट आली तर मी गाढव. बहात्तर आली तर सोबतचा माझ्या सहीचा दाखला तपासनिसाला दे.

काडेपेटीत कापसात गुंडाळून कार्ब्युरेटरचं मोठं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, पाठवलंय; तौफिकियाच्या सुट्या भागांच्या बाजारात हिंडून मिळवलं. ते बसवल्यावर ठिणगीची डबी केसभर फिरवून ठिणगी जराशी उशिरा पडू दे. चढावर टकटक थांबली की तिथेच घट्ट करायची. कान तुझा वापर, फर्गलीचा नको.

तुझ्या शंकेबद्दल. तुझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतली आहे, हे खरं. संध्याकाळी कुणाशी भांडायला नसलं की घर फार मोठं वाटतं, हेही खरं. पण पाट्या काढून घेतलेली ताई मला नको होती. तू चिडून इथे आलीस तर मला माझीच बहीण ओळखू आली नसती.

लोभ आटला असेल तर पुन्हा भरून घे.
वदीअ

क्लिओपात्रा
३० डिसेंबर

चि. वदीअ यास, मागची बाकी धरून, दुप्पट आशीर्वाद.

बहात्तर. फर्गलीने डोकं उतरवलं, मी मोजलं, त्याने मोजलं, आणि बाल्कनीतली बाई खाली येऊन तिनेही मोजलं. जेट बसवलं. डबी फिरवताना फर्गली माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मी इंजिनाकडे कान देऊन होते. एका जागी टकटक थांबली आणि इंजिन असं गुणगुणायला लागलं, की तो स्वतःच म्हणाला, मदाम, हात लावू नका आता, नजर लागेल. गॅरेजचा चढ तिने तिसऱ्या गिअरमध्ये पार केला. मी गाडी उगाचच परत खाली आणली आणि पुन्हा चढवली.

परवा तपासणी झाली. तपासनिसाने इंजिनावरची धूळ पुसली, ठसा घेतला, तुझा दाखला वाचला आणि विचारलं, गाडी चालवणारे कुठे आहेत? मी म्हटलं, तुमच्यासमोर उभे आहेत. तो लाजला. परवाना वर्षभराचा मिळाला; बाराशे एकवीस सीसी, स्पष्ट अक्षरात.

तेव्हा मी इथेच राहणार. तू हरलास. आणि ज्या डोक्याने तू मला हरवू शकत होतास, तेच डोकं तू माझ्या बाजूने चालवलंस, हे माझ्या लक्षात आलं आहे. एवढंच लिहिते, जास्त लिहिलं तर तू डोक्यावर बसशील.

आता निमूट ऐक. ही गाडी आता कैरोपर्यंत न तापता येऊ शकते, आणि मला ते सिद्ध करायचं आहे. सणाआधी दोन दिवस, पाच जानेवारीला, मी तुझ्या दारात असेन. बॅग भरून ठेव. नाताळ इथे करायचा, आणि समुद्राचा कंटाळा येईपर्यंत राहायचं. भांडण रोज संध्याकाळी, कॉफीनंतर. मला इंजिनाचे व्हॉल्व्हही तपासून हवे आहेत, आणि ते काम मी फर्गलीवर सोडणार नाही.

गाडी मी चालवणार. तू शेजारी बसून पायाने ब्रेक दाबू नकोस. तुझ्या बाजूला ब्रेक नाही.

तुझी वाट बघणारी,
ओदेतताई