धोंड्याचा महिना धरून

४ नोव्हेंबर १९९६, केज
आज नेकनूरला नऊ गरोदर बायकांचे फॉर्म भरले. एकूण एकशे चौदा — आणि एकातही खाडाखोड नाही! मेडिकल कॉलेजातला संगणक म्हणे हे फॉर्म वाचून शिकणार आणि कुणाचं बाळंतपण अवघड जाईल ते आधीच सांगणार. हे काम चालवणारे राजेश्वर सर म्हणाले, "ज्याचे फॉर्म चांगले, त्याला दोन वर्षं संशोधन सहायकाची जागा." फॉर्म भरणारे आम्ही पाच जण, जागा एकच. मला हवी आहे. फार हवी आहे.

१२ नोव्हेंबर
पाडवा. मी बाजूला बसलेली, ह्यांना ओवाळायचं राहिलं. चकल्या मात्र भरपूर खाल्ल्या.

२ डिसेंबर
नेकनूरच्या भिवराबाईकडे गेले. महिन्यापूर्वी तिच्या फॉर्मवर 'आठवा महिना' लिहिलं होतं. मुलगी झाली २४ तारखेला — सात पौंडांची! दिवस भरायच्या आधी एवढी? विचारलं तर हसत सुटली.
"ताई, धोंड्याचा महिना कुटं धरत्यात व्हय?"
शेजारीण म्हणाली, "आमी बी न्हाई धरत."
यंदा आषाढ दोन आले. अधिक महिन्यात माझ्याच आईनं जावयाला अनारसे दिले, ते मीच संपवले, आणि फॉर्म भरताना धोंडा साफ विसरले! म्हणजे निम्म्याहून जास्त फॉर्मांत एक महिना कमी. संगणक हेच शिकला तर दिवस भरलेल्या बाईला सांगेल, महिना आहे अजून, घरीच थांब.

३ डिसेंबर
नाही सांगितलं तर कुणालाही कळणार नाही.

४ डिसेंबर
सांगितलं. सरांनी फॉर्मांचा गठ्ठा उलटून पाहिला. मग म्हणाले, "दुरुस्त कधी करणार?" म्हटलं, वीस तारखेपर्यंत. जागेचं ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

१९ डिसेंबर
झालं! सगळ्या गावांना परत जाऊन आले. आता महिना विचारतच नाही, सण विचारते — शेवटची पाळी होळीला का गुढीपाडव्याला? बायकांना सगळं पाठ! फॉर्म लाल शाईनं पार रंगले. अक्षराचा तोरा उतरला. पण हिंडायला मजा आली, खोटं कशाला लिहू.

८ जानेवारी १९९७
जागा मला! सर म्हणाले, "धोंडा बाकीच्यांच्या फॉर्मांतही असणार. परत जाऊन विचारलं तुम्हीच." आता सगळ्या तालुक्यांत सणांवरूनच विचारायचं. एक तारखेपासून रुजू. घरी पेढे आणले, मला मात्र वासही सहन होईना.

९ जानेवारी
सकाळी सासूबाई चुलीपाशी म्हणाल्या, "रोहिणी, पाडव्याला तू ओवाळलं न्हाईस. त्याच्यानंतर बाजूला बसलीच न्हाईस की."
एकशे चौदा जणींना विचारलं, स्वतःला नाही! ही वही मागे उलटली. १२ नोव्हेंबर, माझ्याच अक्षरात.
फॉर्म नंबर एकशे पंधरा भरला. आधी तारीख लिहिली, ती खोडून 'पाडवा' लिहिलं; एक खाडाखोड झाली.