अमावस्येचं दूध

गुरु. ८ जाने., केडगाव
गावाहून परतलो. दादाच्या दूध संकलन केंद्रात फॅट मोजायचं मशीन आणि इंटरनेटचा राउटर यांच्या मधे छोटा डबा बसवून आलोय. मशीनकडून जाणारं माहितीचं प्रत्येक पॅकेट आता इथे माझ्याकडे उतरतं. दादा नकोच म्हणत होता. "कशाला उगं तरास घेतो? मशीनच बिगाडलंय, म्या सांगितलंय समद्यांला." पण संस्थेच्या चेअरमननी, नानांनी, चारचौघांत त्याला 'पाणीवाला' म्हटलं ते डोक्यातून जात नाही. गावात फॅट चांगली लागते, टँकर खर्ड्याच्या पुढे शीतकरणाला गेला की दूध पातळ! २५ला बैठक. मशीनची चूक दाखवता आली नाही तर केंद्र जाणार, आणि दादाला गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

रवि. ११
पॅकेट उघडून दाखवणाऱ्या अ‍ॅनालायझरमध्ये नुसता हेक्स आकड्यांचा गिचमिडा. मशीनवाल्यांची स्वतःची भाषा, माहिती कुठेच नाही, कंपनी फोन उचलत नाही. म्हणजे ती उलगडणारं प्लगिन मीच लिहायचं, कुठल्या बाइटचा अर्थ काय ते अंदाजाने ताडत. दिवस गेला. हाती शून्य. मीनल जेवायला बोलवत होती, बायकोवरच ओरडलो. उगाच.

बुध. १४, संक्रांत
फॅट सापडली. १७४०८! अशी म्हैस कुणाच्या गोठ्यात... दोन बाइट उलटे वाचत होतो. उलटवले, ६.८ आली. मग सभासद नंबर, लिटर, डिग्री, सगळं ओळीत बसलं.
एकच बाइट उरला. बहुतेक वेळा ०, मधेच १. हाच बिघाड. दादाला फोन केला, सापडत आलंय म्हणालो. "बरं," म्हणाला. एवढंच. मला वाटलं उडी मारेल.

शुक्र. १६
नाही. प्रत्येक पॅकेटचा चेकसम जुळतो. निघालं तेच पोचतंय, वाटेत काहीही बिघडत नाही. मग हा १ कशाचा? ऑफिसचं काम तुंबलंय. स्वतःला इंजिनियर म्हणवून घ्यायची लाज वाटते.
एक करून बघू. रविवारी अमावस्या. गावात अमावस्येला कुणी डेअरीला दूध घालत नाही, म्हसोबाला वाहतात, उरलेलं घरात. मशीन रिकामं असेल. रिकाम्या मशीनची पॅकेट्स एकदा ओळखली की बाकीचं वेगळं काढता येईल.

रवि. १८, अमा.
सकाळी मशीन नुसतं 'मी चालू आहे' एवढंच सांगत होतं. मग दूध घातल्याच्या नोंदींची पॅकेट्स आली. लागोपाठ. फॅट सगळ्यांत ६.८. सभासद नंबर आमच्या घराचा, आईच्या नावावरचा. आणि तो बाइट १.
प्लगिन चुकलं असणार. देवा, चुकलेलंच असू दे.

सोम. १९
वहिनींना फोन केला, आडून विचारलं. "आवो भाऊजी, आवसंला कोन घालतंय दूध? ह्येच गेल्ते सकाळी, एकलेच. मशीन पुसायचं म्हनं."
बाइट कळला. ० असेल तिथे लिटरचा आकडा अपूर्णांकात, काट्यावर येतो तसा. १ असेल तिथे १०, १५, २०. म्हणजे लिटर हाताने टाकलेले. कपभर चांगलं दूध मशीनला पाजायचं, लिटर मनाला येतील ते टाकायचे, पैसे आईच्या खात्यावर, आणि पुढच्या टँकरमध्ये तेवढं पाणी.
मागची सगळी पॅकेट्स चाळली. जिथे १, तिथे आमचंच घर. दुसरं एकही नाही. सारखं रडू येतंय.

बुध. २१
प्लगिन एकदम चोख चालतंय. आजवर यापेक्षा बरं काही लिहिलं नाही, आणि ते मोडून टाकावंसं वाटतंय. एक ओळ काढली की ते फील्ड दिसणारच नाही. मशीन खराब म्हणायचं, नवीन आणतील, दादा सुटेल. आणि मग नव्या मशीनवर पुन्हा तेच? नाना भांडतात ते खरं आहे. त्यांच्या घरचं चोख दूध आमच्या पाण्यात जातंय. वडिलांमागे दादानंच मला वाढवलं. त्याच्यावर रागावताही येत नाही नीट. मीनलला अजून सांगितलेलं नाही.

शनि. २४
शेवटी दादाला फोन केला. सगळं सांगितलं, अमावस्येसकट. तो नाही म्हणाला नाही. मागे कॅन आपटल्याचे आवाज येत होते.
मग म्हणाला, "उद्या समदे येनार हायेत. म्याच सांगून बसलोय, माजा भाऊ दावील खरं काय ते."
"मग मी काय दाखवू, दादा?"
"त्ये तू बग. पर ये. तू न्हाई आला तर लोक लई बोलत्याल."
पहाटेच्या जामखेड गाडीनं निघावं लागेल. मीनल विचारतेय, सकाळी डबा करू का. कर म्हणालो, लॅपटॉप बॅगेत भरला. प्लगिनमधली ती ओळ अजून तशीच आहे.