सिमेंटखालची तुळई

मंगळवार, ४ मार्च

आज सकाळी पब उघडायच्या आधी बाहेरच्या बाकाशेजारी गुडघे टेकून बसलो. भेगाळलेल्या सिमेंटचा एक तुकडा उचकटला आणि आतल्या ओकच्या तुळईत पेचकस टोचला. मुठीपर्यंत आत गेला! पुढची अख्खी भिंत जिच्यावर उभी आहे ती तुळई — चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी.

कॉलिन सुतार मागेच म्हणाला होता, "चुन्याच्या गिलाव्यातून लाकूड श्वास घेतं. सिमेंटनं त्याचं नाक-तोंड दाबलंय. आणखी एक हिवाळा, नेव्हिल, मग तुझी गिऱ्हाईकं रस्त्यात बसून बिअर पितील."

सिमेंट काढून चुना लावायची सरकारी परवानगी नोव्हेंबरपासून खणात आहे. बाबांना सांगायचं तेवढं राहिलंय. हे सिमेंट त्यांनी स्वतःच्या हातांनी लावलेलं — मी सहा वर्षांचा असताना.

रविवार, ९ मार्च

चर्चमध्ये मन लागलं नाही. देवाकडे फक्त धीर मागितला. दुपारी बाबा चुलाण्याजवळच्या त्यांच्या उंच पाठीच्या बाकावर बसले होते. सांगून टाकलं.

"माझ्या भिंतीला हात लावायचा नाही."

"बाबा, ती आतून कुजलीय."

"इतकी वर्षं उभी आहे. तू तेवढा ताठ उभा राहून दाखव!"

कोपऱ्यातून म्हातारा टेड ओरडला, "ईस्टरपर्यंतच्या उपवासात बिअर सोडलीय ना त्यानं, विल्फ! नुसतं पाणी पिऊन माणूस असंच काहीतरी बरळतो."

सगळे हसले. मीही. पण शब्द मागे घेतला नाही.

बुधवार, १२ मार्च

बाबा बोलत नाहीत. सूप खोलीत नेऊन दिलं. वाडगा रिकामा परत आला — एवढंच.

शनिवार, १५ मार्च

आज बाबांनीच हाक मारली.

"चुना म्हणजे दरवर्षी रंग. पूर्वीसारखा."

मला ते पुसट आठवतं. ईस्टरच्या आदल्या शनिवारी गाव जमायचं, भिंतीला गुलाबी चुना द्यायचं. बादल्या, पाव, फुकटची बिअर, एकदा गुलाबी झालेला कुत्रा!

"हो. पुन्हा बोलावू सगळ्यांना."

"म्हणजे पुन्हा शिड्या. तुझी आई त्या शिडीवरून पडली होती."

आईचा पाय जन्मापासूनच अधू, असं मला माहीत होतं. तीच सांगायची, हसत.

"शिडी मी धरली होती. आतून कुणीतरी बिअरसाठी हाक मारली. 'आलोच' म्हटलं आणि हात सोडला. पुढच्या वर्षी सिमेंट आणलं. त्याला रंग नको, शिडी नको. ती म्हणाली, पोराला कळू द्यायचं नाही."

आणि मी इतकी वर्षं समजत होतो, दरवर्षी रंग द्यायचा कंटाळा म्हणून सिमेंट केलं!

रविवार, १६ मार्च

प्रार्थनेनंतर आईच्या थडग्याशी थांबलो. बाबांचं दुःख खरं आहे. तुळई कुजलीय, हेही खरं आहे. पब पडला तर त्यांचा तो बाकही जाईल.

घरी येऊन कॉलिनला फोन केला — चोवीसला ये. बाबांना समोर बसून सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि तोंड फिरवलं.

सोमवार, २४ मार्च

कॉलिननं आतून टेकू लावले. शिडीवर चढून पहिला घाव मीच घातला. सिमेंटचा मोठा पापुद्रा निखळला — मागे तो जुना गुलाबी! शिडी जराही हलली नाही. खाली पाहिलं, तर बाबा. दोन्ही हातांनी धरून.

कॉलिननं दारातून हाक मारली, "विल्फकाका, चहा झालाय!"

बाबा जागचे हलले नाहीत.