ज्येष्ठांना सूट

९ जानेवारी, गुरुवार. सकाळी ७.१०

दिशाचा मेसेज. एकुलत्या लेकीचं लग्न आणि बापाला निमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. असो. नोंदणी आधी उरकणार, समारंभ रविवारी १६ फेब्रुवारीला. मजकूर जसाच्या तसा: "कोळवणला शंभूच्या खळ्यावर. भात झोडून झालंय, खळं सारवून घेणार आहोत. सगळ्यांनी साधे सुती कपडे घालावेत, अनवाणी यावं. ज्येष्ठांना सूट."

शेवटच्या वाक्यात क्रियापद नाही. संस्कृतात एम. ए. केलेल्या माणसाची मुलगी! मनातल्या मनात क्रियापद घातलं. ज्येष्ठांना सूट असावा. अर्थ स्वच्छ. तरुणांनी सुती, ज्येष्ठांनी सूट. पोरीला पोच आहे.

तीस वर्षं तालुका वार्ताहर. मुळशीत एकही पूल, पाण्याची टाकी, हळदीकुंकू माझ्याशिवाय झालेलं नाही. सगळे फोटो मी काढलेले, म्हणून एकाही फोटोत मी नाही. स्वतःच्या लग्नातसुद्धा फोटोग्राफरला रीळ भरता येईना म्हणून मी भरायला गेलो. अल्बममध्ये माझी पाठ आहे.

दिशाच्या लग्नाच्या फोटोत मात्र मी तिच्या शेजारी. मध्यभागी. समोरून. सूटमध्ये. संकल्प झाला.

१० जानेवारी, शुक्रवार

लग्नातला सूट माळ्यावरून काढला. कोट खांद्याला उत्तम बसला. पुढच्या दोन बाजू एकमेकींना भेटायला तयार नाहीत. कापड आटलंय. सौ. म्हणाली, ट्रंकेत होतं ना, आटायला पाण्यात कधी गेलं? म्हणालो, मुळशीची हवा दमट. पँटबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

व्याकरणाच्या दृष्टीने पाहता कंबरेचा लोप आणि पोटाचा आगम. पण लोप म्हणजे नाश नव्हे. लोप झालेलं दिसत नाही, पण ते आहे असं धरूनच पुढची कार्यं होतात. तेव्हा कंबर आहे.

उद्यापासून: १) पहाटे मालेच्या रस्त्याला पाच किलोमीटर. २) साखर बंद. ३) भात बंद.

११ जानेवारी, शनिवार

चाललो. धुकं असल्याने अंतराचा अंदाज आला नाही. परत आल्यावर सौ.ने विचारलं, पेपर आणायला गेला होतात का?

दुपारी व्याह्यांनी, म्हणजे शंभूच्या वडिलांनी, कोंडिबांनी, कोळवणहून नव्या इंद्रायणीचं पोतं पाठवलं. नाही म्हणणं हा व्याह्यांचा अपमान. नियम ३ लग्नापुरता शिथिल.

१२ जानेवारी, रविवार

पुण्यात तयार सूट पाहायला गेलो. मोठं दुकान, आरसे तीन बाजूंनी. एवढ्या बाजूंनी मी स्वतःला पूर्वी पाहिलेलं नाही. अनावश्यक सोय.

खांद्याला बसतो तो पोटाला बसत नाही. पोटाला बसतो तो खांद्यावरून घरंगळतो आणि बाह्या नखांपर्यंत येतात. विक्रेता म्हणाला, काका, या वयात सगळ्यांचंच असं होतं. मी म्हणालो, मी सगळ्यांमध्ये येत नाही. मग त्याने "कम्फर्ट फिट" नावाचा प्रकार दाखवला. त्यात मी आणि सौ. दोघेही मावलो असतो. सौ.ला हे सांगून दाखवलं. ती एसटीत पौड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गूळ ही साखर नव्हे. बंद साखर केली आहे. एकूण अकरा लाडू, सर्व गुळाचे.

१९ जानेवारी, रविवार

पौडातच शिवायचं ठरवलं. एसटी स्टँडजवळ वाल्मीक टेलर. पाटी: "शालेय गणवेश व जेन्ट्स". मी जेन्ट्समध्ये.

मापं हा खाजगी विषय आहे हे वाल्मीकला ठाऊक नाही. आकडे तो लिहिण्याआधी ओरडतो. मी सांगितलं, कंबर बत्तीस, सूत्र खात्रीलायक. त्याने टेप लावली. म्हणाला, "श्वास सोडा सायब, जेवल्यावर सोडनारच हाय." सोडला. "त्रेचाळीस!" बाहेर एसटीची वाट पाहणारे वळले. बाकड्यावर ब्लाउजसाठी बसलेल्या तुळजाबाई म्हणाल्या, "आरं वाल्मीक, टेप पुरली न्हवं?"

वाल्मीकचं निदान: "तुमचं आंग दोन मान्सांचं हाय. वरतं एक, खालतं एक." सामासिक शब्द म्हणून मला हे मान्य आहे.

त्याला समजावलं की मी रोज चालतो, तेव्हा आजचं माप निरुपयोगी. भविष्यकाळातलं लिही: एकोणचाळीस. म्हणाला, "मी हाय त्या मान्साचं शिवतो. येनाऱ्या मान्साचं न्हाई." तरी लिहिलं. मग म्हणाला, निदान शिवणीच्या आत दोन बोटं माया ठिवतो, लागली तर उसवून वाढवता येतंय. म्हणालो, नको. उतारवयात माया सोडायची असते. "सायब, मी कापडातली माया म्हनतोय." म्हणालो, मीही तीच.

२६ जानेवारी, रविवार

कोळवणला झेंडावंदनाच्या बातमीसाठी. व्याही भेटले. पांढरं धोतर, पायात काही नाही, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, पोट सपाट. शेतकऱ्याला चालायला लागत नाही, ही त्यांची सोय.

विचारलं, सूटचं काय केलंत? म्हणाले, "मला कशाला सूट? मी पोरांबरच. सूट घेतली तर गाव हासंल."

अडचण ओळखली. बाजूला घेऊन हळूच म्हणालो, संकोच करू नका, मी देतो तुम्हाला सूट. व्याही थांबले. माझ्याकडे वरून खाली बघितलं. म्हणाले, "पाव्हणं, माज्याच खळ्यावर तुमी मला सूट देनार?"

मानी माणूस. विषय वाढवला नाही.

नोंद: ते हा शब्द स्त्रीलिंगी वापरतात. "सूट घेतली." बोलीभाषेत लिंगाची अशी गफलत होते, हसू नये. जाता जाता शुद्ध रूप सांगितलं: घेतली नव्हे, घेतला. म्हणाले, "बरं, घेतला. जिलबी घ्या."

घेतली. राष्ट्रीय सण.

३० जानेवारी, गुरुवार

सौ. म्हणाली, तुम्हाला सूट आहे म्हणून ती घ्यायलाच हवी असं नाही, सरळ झब्बा घाला. म्हणजे हिलाही स्त्रीलिंगाची लागण झाली. कोळवणची संगत. मी म्हणालो, लेकीने सांगितलंय, तिचं मन मोडणार नाही. ती म्हणाली, तिने कुठे सांगितलंय, तिने फक्त दिलीय. "दिलीय"! सूट शिवतोय वाल्मीक, दिला म्हणे लेकीने.

चालणं तूर्त स्थगित. गुडघा. कारण: चालणं.

३ फेब्रुवारी, सोमवार

पहिली ट्रायल. कोटाला एक बाही, पुढून खडूच्या रेघा. तुकड्यातुकड्याने पाहता उत्तम.

पँटचं हूक लागेना. वाल्मीक नुसता बघत राहिला. मी म्हणालो, अजून तेरा दिवस आहेत. तो म्हणाला, "दिस हायेत, पर कंबर कुटं हाय?"

११ फेब्रुवारी, मंगळवार

सूट तयार! उभ्याने तर नामी. गर्द निळा, दोन बटणं. हूक लागलं, श्वासाचं थोडं नियोजन करावं लागतं इतकंच. आरशात एक पोक्त, भारदस्त गृहस्थ दिसला. मागे वळून पाहिलं, कोणी नव्हतं. मीच.

वाल्मीक म्हणाला, बसून दाखवा. म्हणालो, वधूपिता समारंभात बसत नसतो. "आन् बसायची येळ आली तर?" म्हणालो, येणार नाही. तो काहीतरी सांगायला तोंड उघडत होता, पण मी निघालो. तज्ज्ञांना शेवटचा शब्द देऊ नये.

१५ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी

नोंदणी काल झाली. सह्यांपुरती, साध्या कपड्यात. दिशा सही करताना एकदा माझ्याकडे बघून हसली. माझ्या हातात कॅमेरा होता. सवय.

उद्या कॅमेरा घरी. कडक निश्चय.

सकाळपासून सूट घालून सराव करतोय. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, फोन उभ्याने. घरभर फेऱ्या. सौ. म्हणाली, अहो, एका जागी टेका तरी, पिंजऱ्यातला वाघ बरा. टेकलो. भिंतीला.

मनात एकच चित्र. दिशा, तिच्या शेजारी मी. आमच्या दोघांचा असा फोटो घरात एकही नाही. ती सहा वर्षांची असतानाचा एक आहे, त्यात माझी सावली आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.३०

पोट रिकामं. बूट चकचकीत. आज उभ्याने इतिहास.

१७ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १२

काल वेळ झाला नाही. क्रमाने लिहितो.

पौड ते कोळवण एसटीत उभा. अर्धी गाडी रिकामी. कंडक्टर म्हणाला, बसा की, जागा हाय. म्हणालो, मणक्याचं पथ्य. दर वळणाला तो माझ्याकडे बघत होता आणि सौ. खिडकीबाहेर.

खळ्यावर शे-दीडशे माणसं. सगळी सुती, सगळी अनवाणी. म्हातारी माणसं तेवढी चपला-मोज्यांत. सूट एकही नाही. इतर ज्येष्ठांनी सूचना नीट वाचलेली नाही, असा निष्कर्ष काढला. सारवलेल्या खळ्यावर माझे काळे बूट फार आवाज करत होते.

दिशाच्या लवळ्याच्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीने विचारलं, अंकल, वॉशरूम किधर है? दुसरीने रिकामी प्लेट माझ्या हातात दिली. व्याह्यांची आत्या, गोजराबाई, नव्वदीच्या, कपाळावर हात धरून माझ्याकडे बघत मोठ्याने म्हणाल्या, "ह्यो कोन, ब्यांडवाला? मंग बाजा कुटं हाय?"

मी उभा. पंगत बसली, मी उभा. आग्रह झाला, मी उभा. वाढप्यांनी मला आपल्यातलाच समजून वरणाची बादली दिली. दोन ओळी वाढल्या.

मग फोटो. फोटोग्राफर जमिनीवर आडवा पडलेला, हल्ली तशी पद्धत आहे. सगळे खळ्यावर मांडी घालून बसले. मी दिशाच्या मागे जाऊन उभा राहिलो, कोट ओढून. फोटोग्राफर म्हणाला, "काका, तुम्ही गळ्यापर्यंतच येताय. डोकं कटतंय."

म्हणजे सूट येणार, मी नाही.

दिशाने मागे वळून पाहिलं. तिच्या डाव्या हाताला एक जागा रिकामी होती. तिथल्या सारवणावर तिने हात आपटला. म्हणाली, बाबा, किती वेळची अडवून ठेवलीय, बसा ना.

बसलो.

भाताची पेंढी जोरात आपटल्यावर होतो तसा आवाज झाला. मग गोजराबाईंचा स्पष्ट आवाज: "वाजला गं बाजा!"

हसण्याचं वर्णन करत नाही. व्याही उठले, न हसता घोंगडी आणून माझ्या कमरेभोवती गुंडाळली आणि कानात म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पाव्हणं. हवा लागती आता."

दिशा डोळे पुसत म्हणाली, पण बाबा, एवढ्या उन्हात सूट कशाला? म्हणालो, तूच लिहिलंस, ज्येष्ठांना सूट. ती माझ्याकडे बघत राहिली. मग आईकडे. मग परत माझ्याकडे. आता ती हसत नव्हती. अगदी हळू म्हणाली, "बाबा, सूट होती. अनवाणी न येण्याची. सारवलेलं गार लागतं पायांना, म्हणून."

होती. स्त्रीलिंगी.

कोंडिबांचं व्याकरण २६ जानेवारीलाच शुद्ध होतं. सौ.चंही. तालुक्यात अशुद्ध एकटा मीच.

कोट काढला. बूट काढले. मोजेही. खरंच गार लागतं.

फोटोग्राफर म्हणाला, आता बरोबर. फोटोत मी दिशाच्या शेजारी. समोरून. शर्ट, घोंगडी, अनवाणी पाय. दिशाचा हात माझ्या गुडघ्यावर. सूटचा कोट फ्रेमच्या बाहेर, सौ.च्या मांडीवर.

संध्याकाळी बातमी आणि फोटो कार्यालयाला पाठवणार. तालुक्याच्या पानावर जागा मागितली आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पँट वाल्मीककडे नेली. गिऱ्हाईक नसताना. त्याने शिवण उलटी करून दाखवली. आत दोन बोटं कापड. म्हणाला, "तुमी नको म्हनला, तरी ठिवली हुती. त्या दिवशी सांगनारच व्हतो, तर तुमी निगाला. दहा मिंटात सोडली असती माया." आणि मग, मान खाली घालून मशीन चालवत: "इचारायचं तरी."

बाकड्यावर बसून राहिलो. श्वास सोडून.

१९ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ८

छापून आलं! तालुक्याचं पान, वरचा कोपरा. फोटो स्वच्छ. डोकं पूर्ण.

फोटोखालची ओळ मीच लिहून पाठवली होती, तशीच आली आहे: "कोळवण येथील समारंभात डावीकडून कोंडिबा, शंभू, दिशा व इतर."

चार वेळा वाचली. कार्यालयाची चूक नाही. तीस वर्षं हात त्याच वळणाने चालतो, मान्यवरांची नावं घ्यायची आणि थांबायचं. इतर म्हणजे मी. दिसत नाही, पण आहे असं धरायचं.

आत्ता दिशाचा फोन. फोटो बघून खूश. मग म्हणाली, सगळ्यांची नावं आहेत बाबा, तुमचंच कुठे आहे?

यावेळी क्रियापदासकट बोललो. म्हणालो, अगं, ज्येष्ठांना सूट असते.